जनगणना आणि सरकारी नोंदी : राजधानी परिसराचा धडा

जनगणनेला जुन्या मराठीत ‘खानेसुमारी’ असा शब्द होता. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. पेशवेकालीन दप्तरांतून या नावाचे कागद आढळतात. गणना ही घरापासून सुरू होते, ही जाणीव या एका शब्दात साठविलेली आहे. आज मात्र एक वेगळाच प्रश्न विचारला जात आहे. जन्म-मृत्यूची नोंद, आधार क्रमांक, शिधापत्रिका, मतदार यादी, असंघटित कामगारांसाठीचे ई-श्रम पोर्टल अशा किती तरी ठिकाणी नागरिकाचे नाव शासनाजवळ आधीच असते. मग लक्षावधी कर्मचारी पुन्हा दारोदार धाडण्याचे प्रयोजन काय? या नोंदी संगणकात एकत्र करून देशाची लोकसंख्या सांगता येणार नाही काय?

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. २०११ च्या जनगणनेनंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हावयाची होती. कोविडच्या साथीमुळे ती लांबणीवर पडली. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेनुसार आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांतील हिमाच्छादित भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. म्हणजे दोन जनगणनांमध्ये सोळा वर्षांचे अंतर पडले. या काळात शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, धान्यवाटप यांचे नियोजन जुन्या आकड्यांवर किंवा त्यांवरून काढलेल्या अंदाजांवर चालले. नोंदींवरून गणना करता आली असती तर हे अंतर पडले नसते, असे म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि त्याची परीक्षा कोठे तरी प्रत्यक्ष व्हावयास हवी. त्यासाठी दिल्ली व तिच्या सभोवतालचा राष्ट्रीय राजधानी परिसर यांच्याइतके उद्‌बोधक क्षेत्र दुसरे नाही.

गणना आणि नोंद

नोंदवही ठेवून प्रजेची माहिती राखण्याची कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘गोप’ नावाच्या अधिकाऱ्याचे वर्णन येते. नगरातील दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची माहिती त्याने ठेवावयाची असे. धर्मशाळेत उतरलेल्या प्रवाशाची वर्दीही त्याच्याकडे पोचावी असा दंडक होता. हीच आजच्या परिभाषेत प्रशासकीय नोंद होय.

आधुनिक जनगणनेची परंपरा निराळी आहे. भारतात १८७२ मध्ये पहिली जनगणना झाली. परंतु ती सर्वत्र एकाच वेळी झालेली नव्हती. देशभर एकसमयी झालेली पहिली गणना १८८१ ची. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी हे काम अखंड चालले. जनगणनेची चार लक्षणे जगभर मान्य आहेत. प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र गणना व्हावी. ठरविलेल्या भूप्रदेशातील कोणीही सुटू नये. सर्वांची माहिती एकाच क्षणाशी निगडित असावी. आणि हे काम ठरावीक कालावधीने पुनःपुन्हा व्हावे.

या लक्षणांशी ताडून पाहिले म्हणजे दोहोंतील भेद स्पष्ट होतो. जनगणना विचारते, ‘या क्षणी येथे कोण राहते?’ प्रशासकीय नोंद सांगते, ‘शासनाशी कोणाचा, कधी व कोणत्या कामासाठी संबंध आला?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यातून मिळू शकते. परंतु त्यासाठी शासनाशी प्रत्येकाचा संबंध आलेला असला पाहिजे, आणि माणूस हलला की त्याची नोंदही हलली पाहिजे.

परदेशांचा अनुभव

काही देशांत ही अट पूर्ण झालेली आहे. डेन्मार्कने १९६८ मध्ये केंद्रीय लोकसंख्या नोंदवही सुरू केली आणि १९८१ मध्ये केवळ नोंदींच्या आधारे जनगणना केली. असे करणारा तो पहिला देश ठरला. फिनलंडने १९९० मध्ये तोच मार्ग धरला. २०११ च्या फेरीत नॉर्वे, स्वीडन व ऑस्ट्रिया यांनी नोंदींवर आधारलेली जनगणना केली. तेथे घर बदलल्याची वर्दी देणे ही नागरिकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. स्वीडनमध्ये तर चर्चच्या वह्यांतून रहिवाशांची नोंद ठेवण्याची प्रथा सतराव्या शतकापासून आहे. नोंदींवरील गणना हे त्या दीर्घ सवयीचे फळ आहे.

जर्मनीचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथेही रहिवाशांच्या नोंदवह्या चोख ठेवल्या जातात असा समज होता. २०११ मध्ये त्या वह्या आणि सुमारे दहा टक्के लोकांची प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालण्यात आली. तेव्हा देशाची लोकसंख्या समजुतीपेक्षा सुमारे १५ लाखांनी कमी भरली. एकट्या बर्लिन राजधानीत सुमारे १ लाख ८० हजार माणसे कमी निघाली. येणाऱ्याने नाव नोंदविले होते. जाणाऱ्याने ते काढले नव्हते. लोकसंख्येनुसार मिळणाऱ्या निधीवर याचा परिणाम झाला आणि बर्लिन व हॅम्बुर्ग यांनी घटनात्मक न्यायालयाकडे दाद मागितली. २०१८ मध्ये न्यायालयाने जनगणनेची पद्धत वैध ठरविली.

नेदरलँड्सची आठवण यापेक्षा कटू आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथील तपशीलवार नोंदवह्या आक्रमकांच्या हाती पडल्या आणि ज्यू नागरिकांना हुडकून काढण्यासाठी त्यांचा वापर झाला. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतील तरुणांनी ॲमस्टरडॅममधील नोंदणी कार्यालयच पेटवून दिले. पुढे १९७१ च्या जनगणनेला तेथे खाजगीपणाच्या मुद्द्यावर विरोध झाला. त्यानंतर तशी पारंपरिक जनगणना पुन्हा झाली नाही. ब्रिटनमध्येही नोंदींचा पर्याय अनेक वर्षे अभ्यासला गेला. अखेरीस जून २०२५ मध्ये तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने २०३१ ची जनगणना प्रश्नावलीद्वारेच घ्यावी अशी शिफारस केली. नोंदींचा मार्ग सर्वत्र एकाच गतीने व एकाच दिशेने चाललेला नाही, हे यावरून ध्यानात येईल.

एक माणूस, अनेक पत्ते

आता राजधानी परिसराकडे वळू. १९५१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या १७ लाख ४४ हजार होती. २००१ मध्ये ती १ कोटी ३८ लाख ५१ हजार आणि २०११ मध्ये १ कोटी ६७ लाख ८८ हजार झाली. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने २०३६ साठी सुमारे २ कोटी ६६ लाखांचा अंदाज वर्तविला आहे. ही वाढ मोठ्या प्रमाणात स्थलांतराची आहे. आणि स्थलांतर ही नोंदवहीची सर्वांत अवघड परीक्षा असते.

त्यातही हे स्थलांतर सरळ रेषेत होत नाही. २००१ ते २०११ या दशकात नवी दिल्ली जिल्ह्याची लोकसंख्या १ लाख ७९ हजारांवरून १ लाख ४२ हजारांपर्यंत घटली; मध्य दिल्ली जिल्ह्याचीही घटली. त्याच दशकात गुडगावची लोकसंख्या सुमारे ७४ टक्क्यांनी आणि गौतम बुद्ध नगरची सुमारे निम्म्याने वाढली. राजधानीत राबणारी माणसे तिच्या सीमेबाहेर राहावयास गेली. मात्र तीन-चार राज्यांच्या सीमा या परिसरातून जातात. माणूस सकाळ-संध्याकाळ त्या ओलांडतो. त्याची कागदपत्रे ओलांडत नाहीत.

एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. असे कुटुंब या परिसरातील कोणत्याही वस्तीत भेटेल. कर्ता पुरुष बुंदेलखंडातून आलेला गवंडी. दिल्ली, नोएडा व गाझियाबाद यांच्या सीमेवरील खोडा वसाहतीत तो भाड्याने राहतो. पत्नी यमुनेपलीकडील दिल्लीच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करते. त्याचे नाव गावच्या मतदार यादीत आहे. शिधापत्रिकाही गावचीच आहे. ‘एक राष्ट्र, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे तिच्यावर येथे धान्य मिळते. ही योजना दिल्लीत जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. धाकट्या मुलाचा जन्म दिल्लीच्या सरकारी रुग्णालयात झाला, म्हणून त्याची जन्मनोंद दिल्लीची. आधारवरील पत्ता पूर्वीच्या भाड्याच्या खोलीचा. विजेचा मीटर घरमालकाच्या नावावर. या कुटुंबाची एकही नोंद खोटी नाही. प्रत्येक आपापल्या कामापुरती खरी आहे. तरीही ते कुटुंब कोठे राहते याचे उत्तर त्यांपैकी एकीतूनही मिळत नाही. प्रगणक दारात उभा राहिला तर ते एका मिनिटात मिळते.

जन्ममृत्यूच्या नोंदींतही हीच अडचण आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार घटना जेथे घडली तेथे तिची नोंद होते. दिल्लीतील मोठ्या रुग्णालयांत शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांच्या बाळांची नोंद दिल्लीत होते आणि वाढतात ती गाझियाबाद, सोनिपत, अलवर येथे. उलट दिल्लीत आयुष्य घालविलेला वृद्ध शेवटच्या दिवसांत गावी गेला, तर त्याचा मृत्यू गावच्या वहीत जातो. जन्म मिळवून व मृत्यू वजा करून दिल्लीची लोकसंख्या काढू गेल्यास आकडा फुगणार हे उघड आहे. सुदैवाने जन्माच्या विवरणपत्रात मातेच्या नेहमीच्या वास्तव्याचे गावही विचारलेले असते. ते काळजीपूर्वक भरले व वापरले गेले तर हा दोष बराच दूर करता येईल.

याद्या काय सांगतात

दिल्लीतील तीन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे प्रश्नाचे स्वरूप अधिक उलगडते.

पहिली आधारची. भारतात मागील बारा महिन्यांत १८२ दिवस वास्तव्य केलेल्या कोणाही रहिवाशाला आधार क्रमांक मिळू शकतो. दिल्लीत आधार क्रमांकांची संख्या अंदाजित लोकसंख्येच्या शंभर टक्क्यांहून अधिक असल्याचे वेळोवेळी दिसून आले आहे. काही जण दिल्लीच्या पत्त्यावर आधार काढून अन्यत्र गेले. काही दिवंगत झाले, तरी क्रमांक चालू राहिला. शिवाय लोकसंख्येचा अंदाजही अंदाजच आहे. मृतांचे क्रमांक वगळण्याचे काम अलीकडे नेटाने हाती घेण्यात आले. महानिबंधकांकडून मिळालेल्या सुमारे १ कोटी ५५ लाख मृत्युनोंदी पडताळून सुमारे १ कोटी १७ लाख क्रमांक निष्क्रिय केल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत ही संख्या २ कोटींच्या वर गेली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु एवढी नावे मृत्यूनंतरही यादीत राहिली होती, हेही त्यातून कळून येते.

दुसरी मतदार यादी. २०२५ च्या विधानसभा निवडणुकीसाठी दिल्लीत १ कोटी ५५ लाख २४ हजार ८५८ मतदार होते. ही यादी अठरा वर्षांवरील नागरिकांची. बालके तिच्यात नाहीत, आणि गावाकडे नाव ठेवून येथे राहणारेही नाहीत.

तिसरी यादी शिधापत्रिकांची. येथे एक मूलभूत विसंगती आढळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमानुसार ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला अनुदानित धान्य मिळते, आणि लाभार्थ्यांची कमाल संख्या जनगणनेच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून ठरते. दिल्लीसाठी ही मर्यादा सुमारे ७३ लाख आहे. तिचा आधार २०११ ची जनगणना. त्यानंतर दिल्लीत आलेल्या वा जन्मलेल्या गरजूसाठी मर्यादेत नवी जागा निर्माण झालेली नाही. एखादे नाव कमी झाले तरच दुसरे चढते. आता या यादीवरून लोकसंख्या मोजावयाची म्हटले तर काय होईल? यादी जनगणनेवरून ठरली आणि जनगणना यादीवरून ठरणार! २०११ मध्ये घातलेली मर्यादा हीच लोकसंख्या म्हणून परत येईल. यादीबाहेरचा भुकेला माणूस धान्यालाही मुकेल आणि गणनेलाही.

पूठ खुर्दचा धडा

नोंदीवरून माणसाची ओळख पक्की करण्याचा एक प्रयोग राजधानीने यापूर्वी अनुभवला आहे. २००३ मध्ये बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राचा प्रायोगिक प्रकल्प निवडक राज्यांतील काही भागांत हाती घेण्यात आला. दिल्लीबरोबर गोव्याचाही त्यात समावेश होता. सुमारे ३१ लाख लोकसंख्या त्याखाली आली. २६ मे २००७ रोजी वायव्य दिल्लीतील नरेला भागातील पूठ खुर्द या गावी पहिली कार्डे ग्रामस्थांना देण्यात आली. ३१ मार्च २००९ रोजी हा प्रकल्प संपला.

त्यातून मिळालेला बोध कार्डांपेक्षा मोलाचा होता. नागरिकत्व कागदपत्रांवरून निश्चित करणे अतिशय गुंतागुंतीचे असल्याचे आढळून आले. विशेषतः शेतमजूर, भूमिहीन व विवाहित स्त्रिया यांच्याजवळ पुरेसे कागद नव्हते. ज्याच्याजवळ जमीन, त्याचे नाव सातबारावर. ज्याने शाळा पाहिली, त्याच्याजवळ दाखला. जिच्या नावावर माहेरी काही नव्हते आणि सासरीही काही नाही, तिची नोंद कोठून यावी? प्रशासकीय नोंदीतील उणीव अशी सर्वांवर सारखी पडत नाही. ती दुर्बलांच्या वाट्याला अधिक येते. ही उणीव दारात जाऊन भरून काढावी लागते.

त्यानंतर २०१० मध्ये घरयादीबरोबर राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी माहिती गोळा करण्यात आली आणि २०१५ मध्ये ती अद्ययावत करण्यात आली. सुमारे ११९ कोटी रहिवाशांची ही वही आहे. पण तीही घरोघर जाऊनच तयार झाली होती, हे विसरता कामा नये.

पुरावा आणि विश्वास

नोंद व गणना यांच्यातील आणखी एक भेद कायद्याने जाणूनबुजून निर्माण केला आहे. जन्मनोंद हा पुरावा असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत, शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा आधार मानला जातो. याउलट १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार व्यक्तीने दिलेली माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि त्या अधिनियमाखालील खटले सोडल्यास ती न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही.

या तरतुदीचे महत्त्व दिल्लीच्या झोपडवस्तीत गेल्यावर कळते. शहरी निवारा सुधार मंडळाच्या यादीत अशा ६७५ वस्त्या आहेत. दिल्लीच्या २०१५ च्या पुनर्वसन धोरणानुसार वस्ती १ जानेवारी २००६ पूर्वीची आणि झोपडी १ जानेवारी २०१५ पूर्वीची असेल तर तेथील रहिवासी पर्यायी घरासाठी पात्र ठरतो. अशा ठिकाणी ‘केव्हापासून राहता?’ या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर घराचे भवितव्य अवलंबून असते. पात्रतेच्या नोंदीत प्रत्येक उत्तराला किंमत असते. त्यामुळे प्रत्येक उत्तराला मोहही असतो आणि भीतीही. जनगणनेच्या उत्तरातून कोणाला लाभ होत नाही आणि कोणाचे नुकसानही होत नाही. म्हणूनच ते अधिक खरे असते. हा विश्वास दीडशे वर्षांत हळूहळू जमलेला आहे. नोंदी एकत्र करण्याच्या घाईत गणना व पात्रता यांतील भिंत पडली, तर पुढील प्रगणकाला दार उघडेल. पण उत्तर मिळणार नाही.

शिवाय काही गोष्टी कोणत्याही नोंदवहीत नसतात. घरात नळ आहे की बाहेरून पाणी आणावे लागते, कामावर जाण्याचे अंतर किती व साधन कोणते, गाव का सोडले, मातृभाषा कोणती, हे जनगणनाच विचारते. दिल्लीत किती मराठी भाषक राहतात हे आधार सांगणार नाही, मतदार यादीही सांगणार नाही.

दोन याद्यांचा मेळ

मग प्रशासकीय नोंदी निरुपयोगी आहेत काय? तसे मुळीच नाही. त्यांचा योग्य उपयोग कसा करावा याची युक्ती भारतातच सिद्ध झालेली आहे. डॉ. सी. चंद्रशेखरन या संख्याशास्त्रज्ञाने अमेरिकेतील डेमिंग यांच्यासमवेत १९४९ मध्ये एक पद्धत मांडली. कलकत्त्याजवळील सिंगूर येथे जन्ममृत्यूच्या नोंदी आणि घरोघरची पाहणी यांची तुलना करून ती पारखण्यात आली होती. हेच चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्याशास्त्र प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले.

पद्धत सोपी आहे. एखाद्या वस्तीत नोंदवहीत ८०० माणसे सापडली आणि स्वतंत्र पाहणीत ९०० सापडली असे समजा. नावे जुळविल्यावर ७२० दोन्हीकडे आढळली. म्हणजे पाहणीतील ९०० पैकी ७२०, अर्थात ८० टक्के माणसे नोंदवहीने टिपली होती. नोंदवहीतील ८०० हे एकूण लोकसंख्येच्या ८० टक्के मानले तर एकूण लोकसंख्या १,००० होते. ८० माणसे केवळ वहीत, १८० केवळ पाहणीत आणि २० माणसे दोन्हींतून सुटलेली. अट एकच : दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे केलेल्या असाव्यात. एकीवरून दुसरी उतरवून घेतली की तुलनेत अर्थ उरत नाही. जन्मदर, मृत्युदर व बालमृत्युदर देणारी आपली नमुना नोंदणी पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. स्थानिक प्रगणकाची सततची नोंद आणि पर्यवेक्षकाची स्वतंत्र सहामाही पाहणी यांचा तीत मेळ घालतात.

जनगणनेलाही या कसोटीतून जावे लागते. २०११ च्या गणनोत्तर पाहणीत दर हजारी २३ व्यक्ती निव्वळ सुटल्याचे दिसले. एवढ्या प्रचंड कामात ही चूक माफक म्हणता येईल. परंतु ती किती आहे हे माहीत आहे, यात तिचे खरे मोल आहे. आधार, शिधापत्रिका किंवा मतदार यादी यांतून किती माणसे सुटली आणि किती अधिक आली, याचे असे मोजमाप उपलब्ध नसेल तोवर त्यांवरून लोकसंख्या सांगणे धाडसाचे ठरेल.

पुढील दिशा

१२ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आगामी जनगणनेसाठी ११,७१८ कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. सुमारे ३० लाख कर्मचारी, मोबाईलवरून माहितीसंकलन, स्वगणनेची सोय आणि जातनिहाय गणना ही तिची वैशिष्ट्ये आहेत. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ घरयादीसाठी आणि फेब्रुवारी २०२७ लोकगणनेसाठी ठरविण्यात आला. ही जनगणना भविष्यातील नोंदींची पायाभूत मोजपट्टी ठरू शकते. त्या दृष्टीने राजधानी परिसरापुरत्या चार गोष्टी करण्याजोग्या आहेत.

एक, जन्ममृत्यूची नोंद घटनास्थळाबरोबर नेहमीच्या वास्तव्यानुसारही संकलित व्हावी आणि दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांनी ती परस्परांना नियमित पुरवावी. २०१९ मध्ये देशातील जन्मनोंदणी ९२.७ टक्क्यांवर पोचली होती. सर्व नोंदींत ही सर्वाधिक भरवशाची आहे. म्हणून आरंभ तिच्यापासून व्हावा.

दोन, पत्त्यांची पक्की यादी असावी. २०११ मध्ये दिल्लीत ९ जिल्हे होते, २०१२ मध्ये ११ झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांची संख्या १३ करण्यात आली. हद्दी बदलल्या तरी घराचा संकेतांक बदलू नये. दिल्लीच्या सतराशेहून अधिक अनधिकृत वसाहतींत तर एका क्रमांकाच्या इमारतीत अनेक कुटुंबे राहतात. तेथे माणसाआधी घराची नोंद नीट व्हावयास हवी. खानेसुमारीचा अर्थ येथे पुन्हा उपयोगी पडतो.

तीन, जनगणनेनंतर निवडक वस्त्यांत प्रशासकीय याद्या व प्रत्यक्ष गणना यांची तुलना करून प्रत्येक यादीतील उणीव व अधिकता मोजावी. हे काम जनगणना कार्यालयाच्या आतच व्हावे. इतर खात्यांची माहिती तेथे जावी. तेथून मात्र केवळ आकडे बाहेर यावेत, एकही नाव नव्हे.

चार, ज्याला जेथे आपला पत्ता बदलावयाचा आहे त्याला तो सुलभतेने व निर्भयपणे बदलता यावा. भाडेकरूला घरमालकाच्या संमतिपत्राची आणि मजुराला दिवसाच्या मजुरीची किंमत मोजावी लागत असेल तर नोंद कधीच अद्ययावत होणार नाही.

ही पूर्वतयारी झाली तर २०२७ नंतर दहा वर्षे थांबण्याची गरज पडणार नाही. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत जिल्ह्यांचे लोकसंख्येचे अंदाज नोंदींच्या साहाय्याने दरवर्षी सुधारता येतील, आणि धान्याच्या मर्यादेसारख्या गोष्टी जुन्या आकड्यांत अडकून राहणार नाहीत. नोंदी जनगणनेची जागा घेण्यापूर्वी त्यांनी प्रथम तिला पूरक ठरून आपली विश्वासार्हता सिद्ध करावी, हाच सुरक्षित क्रम होय.

श्रोतेहो, २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभरातील प्रगणक पदपथ, पूल, रेल्वे स्थानके आणि देवळांच्या पायऱ्या पालथ्या घालीत होते. बेघरांची गणना त्या एका रात्री करावयाची होती. दिल्लीत ४६ हजार ७२४ माणसे अशी मोजली गेली. त्यांपैकी कित्येकांजवळ ना पत्ता होता, ना शिधापत्रिका, ना विजेचे देयक. तरीही त्या रात्री कोणी तरी त्यांच्यापाशी येऊन थांबले, त्यांचे नाव विचारले आणि देशाच्या लोकसंख्येत ते लिहून घेतले. सरकारी नोंदींना जनगणनेची जागा द्यावयाची की नाही, याचा निर्णय घेताना ही माणसे त्या नोंदींत सापडतात काय, हे प्रथम पाहावे लागेल.